चार उत्तरं आणि रिकामी खुर्ची : न्यू जर्सीतल्या एका एपिस्कोपल मंडळीचं प्रकरण

गाव, चर्च आणि माणसं ओळखू येतील असे तपशील मी गाळले किंवा बदलले आहेत. घटनांचा क्रम आणि आमच्या चुका मात्र जशा घडल्या तशाच ठेवल्या आहेत.

पार्श्वभूमी

दहाची उपासना आटोपली की आमच्या चर्चच्या तळघरातल्या हॉलमध्ये कॉफी असते. सप्टेंबर २०२२ मधल्या एका रविवारी तिथे चाळिशीचे एक गृहस्थ थांबले होते. कॅथलिक घरात वाढलेले, महिनाभर शेवटच्या बाकावर बसून जाणारे. त्यांनी साधा प्रश्न विचारला, "मला हे चर्च समजून घ्यायचंय. काय वाचू?"

आम्ही चौघांनी चार उत्तरं दिली. एकीनं कपाटातून चर्चच्या इतिहासाचा जाडजूड ग्रंथ काढून दिला. एकानं स्वतःला आवडलेलं कुणाचं तरी आत्मकथन पुढे केलं. मी फोनवर तीन दुवे पाठवले. आमच्या वॉर्डनबाई, म्हणजे सभासदांमधल्या प्रमुख कारभारी, निवृत्त शालेय ग्रंथपाल आहेत, त्यांनी प्रार्थनापुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "सगळं यातच आहे." गृहस्थ ओझं घेऊन गेले. पुढे दोन रविवार आले, पुस्तकं नीट पिशवीत घालून परत केली, आणि मग त्यांची जागा रिकामी राहिली.

त्यांनी प्रश्न विचारला त्याच दिवशी गाडीत नगरच्या काकूंनी मला विचारलं, "अगं, यांच्यात बायबलचा वर्ग नसतो का?" काकू मुलाकडे राहतात आणि रविवारी माझ्याबरोबर येतात. वय सत्त्याहत्तर. मी स्वतः पुण्याची, चर्च ऑफ नॉर्थ इंडियात वाढलेली. हे चर्च २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात सहा परंपरा एकत्र येऊन झालं. त्यात अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतले लोकही होते, म्हणून ते जगभरच्या अँग्लिकन कुटुंबात मोजलं जातं. एपिस्कोपल चर्च हे त्याच कुटुंबातलं अमेरिकन घर. अमेरिकेच्या स्वातंत्र्यानंतर इथल्या अँग्लिकनांना इंग्लंडच्या राजाशी निष्ठेची शपथ घेणं शक्य राहिलं नाही. १७८९ मध्ये त्यांनी आपली वेगळी घटना केली, आपलं वेगळं प्रार्थनापुस्तक केलं. आम्हा दोघींना इथे नव्यानं दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्याची वचनं बिशपांसमोर स्वतः कबूल करण्याचा विधी, घ्यावं लागलं नाही. पुण्याहून आणि नगरहून आणलेली पत्रं पुरली.

आमची मंडळी लहान आहे. रविवारी सरासरी पंचावन्न माणसं, तीही दोन उपासनांत विभागलेली. आठची उपासना जुन्या इंग्रजीतली, गाण्याशिवाय. दहाची आजच्या भाषेतली, गायकवृंदासह. पाळकबाई अर्धवेळ. मुलं नऊ, पण एका वेळी पाचापेक्षा जास्त क्वचितच. शिक्षणासाठी वर्षाला १,५०० डॉलर. त्या खर्चाचा निर्णय घ्यायला चौघांची समिती, तिच्यात मी.

अडचण नेमकी कोणती

आधी आम्हाला वाटलं, साधनं कमी आहेत. खरं तर उलट होतं. हॉलच्या मागच्या कपाटात तीनशेवर पुस्तकं होती. त्यांतली निम्मी कुणाच्या तरी निवृत्तीनंतर घर आवरताना आलेली. दाराजवळच्या फळीवर दैनंदिन मननाच्या पुस्तिका होत्या, पण सरलेल्या तिमाहीच्या. कुणी उचलल्या नव्हत्या आणि कुणी बदललेल्याही नव्हत्या.

इथे या कामाला शिक्षण म्हणत नाहीत, 'फॉर्मेशन' म्हणतात, म्हणजे माणूस घडवणं. शब्द चांगला आहे. पण समितीत बसलं की त्याखाली काहीही ढकलता येतं, आणि आम्ही ढकललं. तीन अगदी वेगळ्या गरजा आम्ही एका यादीत घातल्या होत्या. पहिली, नव्यानं आलेल्यांची. बिशप मंडळीला भेट देतात तेव्हा दृढीकरण होतं, आणि दुसऱ्या परंपरेत दृढीकरण झालेल्यांना या चर्चमध्ये स्वीकारलं जातं. त्याआधी हे चर्च काय मानतं हे त्यांना कळायला हवं. दुसरी, मुलांची, म्हणजे आपल्याकडच्या शब्बाथ शाळेची, रविवारच्या मुलांच्या बायबल वर्गाची. तिसरी सहज दिसत नाही ती. वीस-तीस वर्षं बाकावर बसलेली माणसं, ज्यांना माहिती नको असते, प्रार्थनेचं वळण हवं असतं. आणि आजारपणामुळे घराबाहेर न पडणारी माणसं, ज्यांना आवाज हवा असतो. काकू या तिसऱ्या गटातल्या. मी त्यांना तब्बल आठ महिने पहिल्या गटातलं वाचायला देत होते.

समोर असलेले पर्याय

'एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री' हा पर्याय सगळ्यात भारदस्त. टेनेसीतल्या सुवानीच्या युनिव्हर्सिटी ऑफ द साउथमधल्या धर्मशास्त्र विद्यालयानं तो १९७५ मध्ये सुरू केला. चार वर्षांचा क्रम आहे: पहिल्या वर्षी इब्री शास्त्र म्हणजे जुना करार, दुसऱ्या वर्षी नवा करार, तिसऱ्या वर्षी चर्चचा इतिहास, चौथ्या वर्षी धर्मविचार. पाळक होण्यासाठी हा नाही, सामान्य सभासदांसाठी आहे. गटात सहा ते बारा जण आणि एक प्रशिक्षित मार्गदर्शक. चारही वर्षांचे विद्यार्थी एकाच टेबलाभोवती बसतात. आठवड्यातून एकदा दोन-अडीच तास, असे जवळजवळ नऊ महिने. याचा खरा गाभा वाचनात नाही. आठवड्यात घडलेला एखादा प्रसंग, ऑफिसातलं भांडण किंवा हॉस्पिटलातली रात्र, टेबलावर ठेवायचा आणि शास्त्र (म्हणजे बायबल), परंपरा, आपली संस्कृती आणि आपली भूमिका यांच्या प्रकाशात तो उलटसुलट करून पाहायचा. मला हा प्रकार फार आवडला. आमच्याकडे मात्र मार्गदर्शक नव्हता, आणि वर्षाचं शुल्क काही शे डॉलर असल्यानं सहा जणही जमत नव्हते.

मुलांसाठी 'गॉडली प्ले'चं नाव सगळ्यांनी घेतलं. जेरोम बेरीमन या एपिस्कोपल पाळकांनी मॉन्टेसरी पद्धतीवर उभारलेली ही पद्धत. मॉन्टेसरी म्हटलं की आपल्याला ताराबाई मोडक आठवतात, आणि खोलीत शिरल्यावर तीच शिस्त जाणवते: मुलं जमिनीवर गोल बसलेली, हाताला लागतील अशा उंचीवर फळ्या, प्रत्येक गोष्टीची वेगळी टोपली. वाळवंटातली गोष्ट सांगायला वाळूची पेटी, माणसं लाकडाची. सांगणारी मुलांकडे बघत नाही, वाळूकडे बघते. शेवटी बोध नाही, फक्त "मला प्रश्न पडतो की..." अशी सुरुवात. यातली कुठली गोष्ट तुला सगळ्यात आवडली? कुठली काढून टाकली तरी गोष्ट पुरी राहील? तयार सामानाच्या किमती पाहिल्यावर आमच्या समितीत शांतता पसरली. एक पूर्ण खोली सजवायची तर आमचं अनेक वर्षांचं अंदाजपत्रक लागलं असतं.

'फॉरवर्ड डे बाय डे' ही पुस्तिका सिनसिनाटीची फॉरवर्ड मूव्हमेंट ही संस्था १९३५ पासून काढते. दर तिमाहीला एक, रोज एक पान, खिशात मावेल अशी. मोठ्या अक्षरांतही मिळते. समितीतल्या तरुण बापाला ती 'आजीबाईंची' वाटली. ती अवहेलना पुढे आम्हाला थोडी महागात पडली.

व्हर्जिनिया थिऑलॉजिकल सेमिनरीचं मुलांच्या आणि प्रौढांच्या शिक्षणावरचं लेखन उपयोगी होतं, पण ते शिकवणाऱ्यांसाठी, शिकणाऱ्यांसाठी नव्हे. २०१८ मध्ये तेव्हाचे प्रिसायडिंग बिशप, म्हणजे एपिस्कोपल चर्चचे प्रमुख, मायकेल करी यांनी मांडलेला 'वे ऑफ लव्ह' होता: वळणं, शिकणं, प्रार्थना, उपासना, आशीर्वाद देणं, जाणं, विसावणं अशा सात सवयी. साहित्य फुकट आणि मांडणी स्वच्छ. पाळकबाईंना तो घ्यावासा वाटत होता. मला तो भिंतीवर लावण्यासारखा वाटला, वर्ग घेण्यासारखा नाही. अजूनही तसंच वाटतं.

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्समधल्या सोसायटी ऑफ सेंट जॉन द इव्हँजेलिस्ट या मठातले बंधू रोज ईमेलनं एक छोटं चिंतन पाठवतात. पाळकबाईंनी ते मला पुढे पाठवलं तेव्हा नाव ओळखीचं वाटलं, आणि मग उलगडा झाला. हे तर काउली फादर्स! ऑक्सफर्डजवळच्या काउलीला १८६६ मध्ये सुरू झालेला हाच संघ पुढे पुण्यात आला. गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन त्यांचंच. १८९० मध्ये तिथे चहा घेतल्यामुळे न्यायमूर्ती रानडे आणि टिळकांसकट पुण्यातल्या मोठमोठ्या मंडळींवर ग्रामण्य, म्हणजे जातबहिष्काराचं प्रकरण, झालं, ते शाळेत वाचलेलं. समितीत मी हे सांगितलं तेव्हा एकानं विचारलं, "चहासाठी?" समजावून सांगायला मला वीस मिनिटं लागली आणि त्या दिवशीची विषयपत्रिका अर्धीच झाली.

राहिलं प्रार्थनापुस्तक. १९७९ चं 'बुक ऑफ कॉमन प्रेअर' प्रत्येक बाकाच्या मागे खोचलेलं असतं. ते फक्त रविवारी चाळायचं पुस्तक आहे असं धरून चालायची आम्हाला सवय. त्यात रोजच्या सकाळ-संध्याकाळच्या उपासना आहेत. १२७ व्या पानावर झोपण्यापूर्वीची प्रार्थना, १३६ पासून घरातल्या चार वेळच्या अगदी छोट्या प्रार्थना, ३०४ वर बाप्तिस्म्याचा करार आणि त्यातले पाच प्रश्न, ८४५ पासून प्रश्नोत्तर रूपातली विश्वासाची रूपरेषा. स्तोत्रसंहिता पूर्ण आणि तीस दिवसांत वाचून होईल अशी विभागलेली. या पुस्तकाच्या मजकुरावर कुणाचा हक्क राखलेला नाही, त्यामुळे हवं ते पान हव्या त्या आकारात छापता येतं. गीतपुस्तकाचं तसं नाही.

पहिला निर्णय, आणि तो का फसला

आम्ही यातलं काहीच घेतलं नाही. दहा चित्रफितींचा एक तयार अभ्यासक्रम घेतला. परवाना आणि सहभागींच्या वह्या मिळून ६४० डॉलर. कारण प्रामाणिकपणे सांगते: त्याला कुणी शिकवणारं लागत नव्हतं. पाळकबाई अर्धवेळ, आम्ही चौघं नोकरी-संसारातले. बटण दाबलं की शिक्षण सुरू, असं वाटलं. साधन कसं आहे यापेक्षा ते आमच्यापैकी किती जणांचा त्रास वाचवेल, हे आम्ही पाहिलं.

जानेवारी २०२३ मध्ये रविवारी सकाळी नऊला, दोन उपासनांच्या मधे वर्ग सुरू केला. पहिल्या रविवारी चौदा माणसं. दुसऱ्या रविवारी नऊ. तिसऱ्याला चार, त्यांतले तिघे समितीचेच.

चौथ्या रविवारी वऱ्हांड्यात गायकवृंदाच्या संचालकांनी मला हसत विचारलं, "तुम्हाला माहीत आहे ना, आमचा सराव सव्वानऊला असतो?" मला माहीत होतं. मी अनेकदा तो बाहेरून ऐकला होता. आमच्या मंडळीतली जवळजवळ एक तृतीयांश धडधाकट प्रौढ माणसं त्या वेळी वरच्या मजल्यावर स्वर लावत असतात, हे समितीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. आठवाले उपासना संपल्यावर जवळच्या डायनरमध्ये न्याहारीला जातात. ते त्यांचं कित्येक वर्षांचं व्रत आहे. दहावाल्या आईबापांना त्या वेळी मुलांचे मोजे सापडत नसतात. म्हणजे नऊची वेळ कुणाचीच नव्हती. फक्त ती कागदावर रिकामी दिसत होती.

दुसरा निर्णय: मधेच थांबणं

राखेचा बुधवार, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाचा पहिला दिवस, त्या वर्षी २२ फेब्रुवारीला होता. आम्ही त्याच आठवड्यात वर्ग बंद केला. व्हेस्ट्रीत, म्हणजे मंडळीनं निवडलेल्या कारभारी सभेत, यावर वाद झाला. एका सदस्यांचं म्हणणं, पैसे दिलेत तर दहाही भाग पुरे करा, निदान शिकलो असं म्हणता येईल. दुसरं म्हणणं, उपवासकाळात सूप-पावाच्या जेवणाबरोबर तेच दाखवा. वॉर्डनबाईंनी दोन्ही फेटाळलं. त्या म्हणाल्या, गेलेले पैसे गेले. आता माणसंही घालवायची का? या सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी वाक्य मला तेच वाटतं. आणि ते बोलायला कुणीतरी म्हातारं माणूस लागलं, आमची हिंमत झाली नसती.

उपवासकाळात आम्ही काहीच शिकवलं नाही. वॉर्डनबाई आणि मी, दोघींनी मिळून अडतीस घरांना फोन लावले. एकतीस घरांशी बोलणं झालं. "तुम्हाला काय शिकायला आवडेल" हा प्रश्न मुद्दाम टाळला, कारण त्याला सगळे "काहीही चालेल" म्हणतात. विचारलं ते असं: आठवड्यात तुमचा कुठला अर्धा तास तुमचा स्वतःचा असतो? त्या वेळी तुम्ही कुठे असता? रात्री झोपताना प्रार्थना करता का, आणि कुठल्या पुस्तकातून?

बावीस घरांचं उत्तर जवळजवळ सारखं होतं: आठवड्याच्या मधल्या दिवशी, रात्री साडेआठनंतर, घरी. सहा घरं म्हणाली की रविवार पुरे आहे, आणखी काही नको. त्यांना आम्ही पुन्हा त्रास दिला नाही. आणि शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरात अकरा जणांनी 'फॉरवर्ड डे बाय डे'चं नाव घेतलं. आमच्या फळीवरची नव्हे, टपालानं स्वतः मागवलेली. आठच्या उपासनेतले तीन आजोबा ती रोज वाचतात, आणि दोघं पुढच्या भेटीत तिच्यावरून भांडतात, हे आम्हाला तेव्हा कळलं.

मग काय केलं

ईस्टर ९ एप्रिलला होता. १२ एप्रिलपासून दर बुधवारी रात्री साडेआठला पान १२७ ची रात्रप्रार्थना सुरू केली, ऑनलाइन. संगणक नसलेल्या तिघांसाठी साध्या फोनवरून जोडायची सोय. प्रार्थनेला पंधरा मिनिटं, मग येत्या रविवारचं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या चरित्रातला नेमलेला भाग, वाचून त्यावर वीस मिनिटं बोलणं. रविवारची वचनं 'रिव्हाइज्ड कॉमन लेक्शनरी' या वाचनक्रमाच्या तीन वर्षांच्या चक्रानं ठरलेली असतात: एका वर्षी प्रामुख्यानं मत्तय, मग मार्क, मग लूक. म्हणून काय वाचायचं यावर समिती बसवावी लागली नाही. वाचणारा दर आठवड्याला वेगळा. पाळकबाईंना आम्ही मुद्दामच यायला सांगितलं नाही.

पहिले दोन बुधवार गोंधळाचे गेले. चर्चमध्ये सगळे एका सुरात म्हणतात तसं पडद्यावर म्हणायला गेलो आणि प्रत्येकाचा आवाज अर्ध्या सेकंदानं मागेपुढे. प्रभूची प्रार्थना बाजारासारखी झाली. तिसऱ्या वेळेपासून एकानं मोठ्यानं म्हणायचं आणि बाकीच्यांनी आवाज बंद ठेवून आपापल्या घरी म्हणायचं ठरलं.

काकू पाच आठवडे माझ्या शेजारी बसून होत्या, एक शब्द न बोलता. मी त्यांच्यासाठी मोठ्या अक्षरांत पानं छापून आणली होती आणि स्वतःवर खूश होते. सहाव्या बुधवारी त्या म्हणाल्या, "अक्षर दिसतंय गं. पण यांचं इंग्रजी धावतं. मी 'आमेन'ला पोचते तोवर हे पुढच्या पानावर." त्या रात्री त्यांनी आपलं मराठी पवित्र शास्त्र आणलं. रात्रप्रार्थनेत चार स्तोत्रं नेमलेली आहेत: ४, ३१ चा सुरुवातीचा भाग, ९१ आणि १३४. काकूंनी १३४ वं मराठीत वाचलं, तीनच ओव्या. आता महिन्यातून एकदा एक स्तोत्र मराठीत होतं. बाकीच्यांना शब्द कळत नाहीत, पण पुस्तकात डोकं घालून तेच वचन ते इंग्रजीत वाचत असतात.

शरद ऋतूत नव्यांसाठी सहा बैठका घेतल्या, पाळकबाईंनी स्वतः. पहिल्या बैठकीत या चर्चचा इतिहास, उरलेल्या पाचांत बाप्तिस्म्याच्या कराराचे पाच प्रश्न, एकेका बैठकीला एक. घरी वाचायला ८४५ पासूनची रूपरेषा, जेमतेम अठरा पानं. पुस्तक एकच, आणि ते बाकावर आधीच होतं. वॉर्डनबाईंनी सप्टेंबरमध्ये त्या गृहस्थांना दिलेलं उत्तर बरोबर होतं. फक्त त्याबरोबर पान क्रमांक आणि शेजारी बसणारं माणूस द्यायचं राहून गेलं होतं.

मुलांसाठी खोली सजवली नाही, एक गोष्ट सजवली. आठच्या उपासनेतले एक निवृत्त सुतार, जे समिती या शब्दाला घाबरतात, त्यांनी चांगल्या मेंढपाळाच्या दृष्टांतासाठी मेंढरं, कुंपण आणि मेंढपाळ लाकडात करून दिले. महिन्याभरानं वाळूची पेटी. मग एक महिना सगळं बंद. मुलांच्या सुरक्षेच्या नियमाप्रमाणे खोलीत एकमेकांच्या नात्यात नसलेले दोन प्रशिक्षित प्रौढ लागतात, आणि आमच्याकडे प्रशिक्षण झालेली दुसरी व्यक्ती नव्हती. मेंढरं तयार, मेंढपाळ तयार, पण दार बंद. नियम योग्यच आहे. आम्ही तो शेवटी वाचला, हे चुकलं.

'एज्युकेशन फॉर मिनिस्ट्री' स्वतः चालवायचा हट्ट सोडला. दोघं शेजारच्या गावातल्या गटात गेले, त्यांचं अर्धं शुल्क मंडळीनं दिलं. दाराजवळच्या फळीची जबाबदारी एका आजोबांकडे गेली. तिमाही बदलली की जुन्या पुस्तिका ते स्वतः उचलतात.

परिणाम

जून २०२४ पर्यंत बुधवारी नऊ ते चौदा माणसं येत होती. त्यांत आजारपणामुळे दोन वर्षं चर्चला न आलेल्या एक बाई फोनवरून असतात. त्यांचा श्वास ऐकू येतो, बाकी त्या क्वचितच बोलतात. आदल्या नोव्हेंबरमध्ये बिशप आले तेव्हा दोघांचं दृढीकरण झालं, तिघांना चर्चमध्ये स्वीकारलं गेलं. मुलं पाचाची सात झाली. पण त्यातली दोन भावंडं घर बदलून आली आहेत, त्याचं श्रेय मेंढरांना देता येत नाही. सुवानीच्या अभ्यासक्रमातल्या दोघांपैकी एक पहिलं वर्ष संपताच थांबले. दुसऱ्या बाई आता नव्या करारात आहेत आणि बुधवारी जरा जास्तच बोलतात. दुसऱ्या वर्षीचा खर्च ४१० डॉलर झाला. कपाट अजून तसंच आहे.

एप्रिलमध्ये एक बुधवार वेगळा गेला. ५ एप्रिल १९२२ ला पंडिता रमाबाई केडगावला वारल्या. एपिस्कोपल चर्चनं त्यांचं नाव आपल्या स्मरणदिनांत घेतलेलं आहे. ३ तारखेच्या बुधवारी काकूंनी त्यांच्याबद्दल सांगितलं, मी इंग्रजी केलं: १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेजला अँग्लिकन भगिनींच्या मठात बाप्तिस्मा, पुढे मूळ भाषांवरून बायबलचं मराठी भाषांतर. १८८६ मध्ये आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी रमाबाई फिलाडेल्फियाला आल्या होत्या, हे ऐकल्यावर एकजण म्हणाले, "म्हणजे इथेच?" गाडीनं दीड तास. आम्ही साधनं शोधत होतो तेव्हा काकू मागच्या सीटवर बसलेल्या होत्या.

ते कॅथलिक गृहस्थ परत आले नाहीत. एकदा किराणा दुकानात भेटले. आता लुथरन चर्चला जातात, तिथे पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्यांना जेवायला बोलावलं. अमेरिकेतल्या सगळ्यात मोठ्या लुथरन चर्चशी आमचं २००१ पासून पूर्ण सहभागितेचं, म्हणजे एकमेकांचे संस्कार आणि पाळक मान्य करण्याचं नातं आहे, असं मी स्वतःला समजावलं. पण जेवायला आम्ही बोलावलं नव्हतं.

आता करायचं झालं तर

फोन आधी, खरेदी नंतर. हे आता सोपं वाटतं, पण त्या वेळी फोन करणं म्हणजे कामाची टाळाटाळ वाटत होती आणि खरेदी म्हणजे काम. १,५०० डॉलर वर्ष संपायच्या आत खर्च झाले नाहीत तर पुढच्या वर्षी कमी मिळतील, ही भीतीही होती. ती खोटी होती, पण व्हेस्ट्रीला विचारायचं सुचलं नाही.

सुवानीचा कार्यक्रम सोडण्याबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. पाळकबाईंना वाटतं आम्ही बरोबर केलं. मला वाटतं, त्याच वर्षी एकाला मार्गदर्शक म्हणून प्रशिक्षणाला पाठवलं असतं, तर आज दोन-तीन मंडळ्या मिळून गट उभा राहिला असता. बुधवारची प्रार्थना माणसांना धरून ठेवते, पण तिच्यात कठीण प्रश्नाशी झोंबायला वेळ नसतो. ईयोबावरचं, म्हणजे बायबलमधल्या निरपराध दुःख सोसणाऱ्या माणसावरचं वचन आलं त्या रात्री हे जाणवलं. नवऱ्याला नुकतंच गमावलेल्या एका बाईंनी प्रश्न विचारला, वीस मिनिटं संपली, आणि आम्ही शांतपणे समारोपाची प्रार्थना म्हटली. दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन केला. त्या रात्रीच करायला हवा होता.

आणि काकूंना विचारायला हवं होतं. बहात्तर वर्षं शास्त्र वाचणाऱ्या बाईला काय द्यावं यावर मी आठ महिने विचार केला, पण त्यांच्याकडे काय आहे हे एकदाही विचारलं नाही.

आमच्या पाळकबाई या उन्हाळ्यानंतर दुसऱ्या मंडळीत जात आहेत. नव्या पाळकाच्या शोधासाठी मंडळीची ओळख लिहायची आहे, त्यात 'फॉर्मेशन' या मथळ्याखाली काय लिहावं म्हणून वॉर्डनबाईंनी मला विचारलं. मी बुधवारच्या वाचकांची यादी पाठवली. तिच्यात जुलैचे दोन बुधवार अजून रिकामे आहेत, आणि एकापुढे मोडक्या इंग्रजीत काकूंचं नाव आहे, त्यांच्याच हातानं लिहिलेलं.